सोंगाड्याची शाळा



लोककला शिक्षणाच्या कामी लावावी, ही गोष्ट आता सर्वांनाच पटलेली दिसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातदेखील कलांच्या साहाय्याने विषय शिकवावेत, असे स्वच्छ लिहिलेले आहे. कागदावर झाले म्हणजे काम झाले, अशी आपल्याकडे समजूत असल्यामुळे पुढे काय घडते ते कोणी फारसे पाहत नाही. प्रत्यक्षात घडते ते असे. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींना नऊवारी नेसवतात आणि ध्वनिमुद्रित गाण्यावर नाचवतात. मुलांच्या हाती लेझीम देऊन पाहुण्यांना व्यासपीठापर्यंत आणतात. एखादे सरकारी खाते 'पाणी वाचवा' असा पोवाडा कोणाकडून तरी लिहून घेते आणि चौकात म्हणवते. लोक टाळ्या वाजवतात, घरी जातात, आणि चौकातला नळ वाहतच राहतो.

याचे कारण कलावंत कमी पडतात, असे नाही. लोककला म्हणजे एक भांडे, त्यात आपण हवा तो माल भरावा आणि लोकांच्या गळी उतरवावा, अशी आपली कल्पना असते. कडू गोळीला साखर लावावी, तसे. माझे म्हणणे याच्या उलट आहे. या कलांत जे शिकण्यासारखे आहे ते केवळ त्यांच्या मालात नाही, त्यांच्या घडणीत आहे. माणसाला कसे शिकवावे याची एक रीत त्या घडणीत मुरलेली आहे. ती रीत टाकून नुसती चाल उचलली, तर हाती फक्त आवाज राहतो.

मी शिक्षक नव्हे. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते संघटनेच्या कचेरीत, गावच्या वाचनालयात आणि फडात. फड हा शब्द मी दोन्ही अर्थांनी वापरतो, उसाचा फड आणि तमाशाचा फड. पहिल्यात माझे आयुष्य गेले आणि दुसऱ्यात मला ते कसे बोलावे ते कळले.

तमाशाची मांडणी आपणापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, लावणी आणि शेवटी वग. शहरात तमाशा म्हटला की लावणीच डोळ्यांपुढे येते. नाचणारी बाई दिसते, बाकीचे दिसत नाही. पण शिक्षणाच्या दृष्टीने ज्याच्याकडे पाहावे तो इसम म्हणजे सोंगाड्या. वगात राजा असतो, प्रधान असतो, आणि त्यांच्या शेजारी हा एक अडाणी वाटणारा गडी उभा असतो. राजा मोठे वाक्य बोलतो. सोंगाड्याला ते कळत नाही. म्हणजे, कळत नाही असे तो दाखवतो. मग तो विचारतो. राजाला तीच गोष्ट साध्या शब्दांत पुन्हा सांगावी लागते. सोंगाड्या ती चुकीची समजतो, लोक हसतात, आणि हसता हसता बरोबर काय ते प्रेक्षक स्वतःच मनात जुळवतो. जुन्या वगाचे संवाद लिहिलेले नसत. कथानकाचा सांगाडा ठरलेला असे आणि बोलणे ऐनवेळचे. त्यामुळे ज्या गावात खेळ असेल त्या गावचा पाटील, तिथला दुष्काळ, तिथला बाजारभाव वगात सहज शिरे.

वर्गात काय कमी असते याचा विचार करा. ज्याला समजले नाही त्याला विचारण्याची लाज वाटते. सभेतही तेच. मी शेकडो सभा घेतल्या. 'काही शंका असल्यास विचारा' असे म्हटल्यावर माना खाली जातात. तमाशाने ही अडचण कधीच सोडवून ठेवली आहे. सर्वांच्या वतीने अडाणीपणाचा भार वाहणारा एक माणूस त्याने रंगमंचावर उभा केला. सर्वांच्या मनातली शंका तो विचारतो, हसू त्याचे होते आणि उत्तर सर्वांना मिळते.

पोवाड्यातही हे आहे. शाहीर डफावर गातो, झिलकरी त्याच्या ओळीला सूर धरतात, पण मधूनच शाहीर थांबतो आणि गद्यात बोलू लागतो. कुठे घडले, कोण कोणाचा कोण, पुढे काय होणार हे समजावून देतो. ते गद्य म्हणजे त्याची शिकवणी. सरकारी पोवाड्यातून नेमके तेच गद्य गाळलेले असते, कारण मिनिटे ठरलेली असतात.

यापेक्षाही कडक शाळा म्हणजे भेदिकाची. कलगी आणि तुरा असे शाहिरांचे दोन पक्ष. कलगीवाले शक्तीला थोर मानणार, तुरेवाले शिवाला. समोरासमोर दोन फड बसायचे आणि रात्रभर सवाल-जवाब चालायचे. एकाने कूट घालायचे, दुसऱ्याने ते तिथल्या तिथे पद्यात सोडवायचे आणि उलट आपले घालायचे. पुराणे, वेदान्त, देहातली तत्त्वे, संख्यांचे खेळ असे सारे त्यात येई. उत्तर आले नाही तर सगळ्या गावासमोर मान खाली. हे शाहीर शेतकरी होते, शिंपी होते, न्हावी होते, मुसलमान होते, महार-मांग होते. ज्यांना ग्रंथ शिवू देत नसत त्यांनी ग्रंथातले ज्ञान एकमेकांना प्रश्न घालून मिळवले. त्यातली तत्त्वज्ञाने आज उपयोगाची आहेत की नाहीत, हा वाद मी इथे घालत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की त्या शाळेत प्रश्न घालणाऱ्यालाही उत्तर ठाऊक असावे लागे आणि ऐकणारा गाव पंच असे. आपल्या परीक्षेत विद्यार्थी कधी मास्तराला प्रश्न घालतो काय?

आता कोणी म्हणेल की ही सगळी जुन्या काळची करमणूक, तिला शिक्षणाचे नाव तुम्ही आज देता. तसे नाही. जाणत्या माणसांनी हे हत्यार फार पूर्वी ओळखले होते. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे रचली, तेव्हा त्यांनी जोशी, गोंधळी, वासुदेव, भुत्या अशी रस्त्यावरची सोंगेच उचलली. वेदान्त सांगायला त्यांना विंचू चावलेला माणूस चालला. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजीराजांवर पोवाडा लिहिला, आणि १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजातून पुढे जलसे निघाले. जलसा म्हणजे तमाशाचीच चौकट. पण वगात राजा-राणीच्या जागी भट, सावकार आणि कुळकर्णी आले. १९३१ च्या सुमारास नाशिककडे भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा उभा राहिला. अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्याची वार्ता, मुलांना शाळेत घालण्याचा आग्रह, हे सगळे त्या ढोलकीवर वस्त्यावस्त्यांत पोहोचले. विदर्भातून आलेल्या गाडगेबाबांचे कीर्तन आठवा. बाबा शाळेत गेलेले नव्हते. ते १९५६ साली वारले तोवर त्यांची पद्धत एकच होती. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारत सुटायचे. उत्तर श्रोत्यांनी द्यायचे. बाबांनी फक्त पुढचा प्रश्न विचारायचा.

आणि मुंबईच्या गिरणगावात, १९४४ साली, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. अण्णाभाऊ वाटेगावचे, शाळेत फार तर दीड दिवस गेलेले, वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेले. त्यांनी तमाशातली गवळण काढून टाकली, गणातला देव काढून तिथे मातृभूमीला आणि कष्टकऱ्याला वंदन ठेवले, पण सोंगाड्या ठेवला. काय टाकावे आणि काय ठेवावे याचा तो नमुनाच आहे. देव बदलता येतो, गोष्ट बदलता येते; प्रश्न विचारणारा माणूस काढला की सगळे कोसळते.

मी ज्या कामात आहे त्यातले एक उदाहरण देतो. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून दरवर्षी ऊसतोड मजूर साखर कारखान्यांवर येतात. नवराबायको मिळून एक 'कोयता'. कोयत्याने हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती ऊस तोडून फेडायची. समजा, उचल एक लाखाची आहे, तोडणीचा भाव टनाला ३६० रुपये आहे आणि एका कोयत्याकडून रोज दोन टन ऊस तुटतो. म्हणजे दिवसाला ७२० रुपये. एक लाख फिटायला १३९ दिवस हवेत. कारखाना १२० दिवसांत बंद झाला तर ८६,४०० फिटले आणि १३,६०० अंगावर राहिले. ते पुढच्या सालच्या उचलीत चढले. त्यात आजारपणाचा खाडा. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी ७२० बुडाले, आणि वर मुकादमाने समजा ५०० रुपये खाडा लावला, तर एका तापाची किंमत १,२२० रुपये. हे गणित चौथीच्या पुस्तकातले आहे. परंतु ते कोणी मांडून दाखवत नाही, म्हणून आयुष्य उचलीत जाते.

आम्ही हे आधी फळ्यावर मांडून पाहिले. दिवसभर तोडणी करून आलेली माणसे फळ्याकडे पाहत बसली आणि बसल्या बसल्या झोपली. त्यांचा दोष नव्हता. मग आमच्यातल्या एका जुन्या फडकरी गड्याने त्याची बतावणी केली. कोप्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, गॅसबत्तीच्या उजेडात, एक मुकादम झाला आणि एक मजूर.

"मुकादम, मी एक दीस तापानं पडलो, त्या दिसाचा तोडणीचा पैका घावला का मला?"

"न तोडता पैका कसा घावंल रं?"

"खरं हाय. मग ह्ये खाड्याचं पाचशे कशाचं?"

"तू आला न्हाईस म्हणून."

"म्हंजी तोडला न्हाई म्हणून पैका न्हाई, आन् आलो न्हाई म्हणून वर दंड. एकाच बकऱ्याचं दोनदा कातडं सोलता म्हणा की!"

मग तो सोंगाड्या लोकांकडे वळला आणि म्हणाला, "मंडळी, माझं गणित कच्चं हाय. तुमचा कुणाचा किती खाडा लागला, सांगा बरं." एक हात वर आला, मग दुसरा. बायकांच्या बाजूने आकडे जास्त आले, कारण बाळंतपणाचे खाडे त्यांच्या नावावर होते. आकडे खडूने बैलगाडीच्या फळीवर लिहीत गेलो. बेरीज कोणी केली? एका सहावीतल्या पोरीने, उभ्या उभ्या, मोठ्याने. त्या रात्री कोणी झोपले नाही. क्रांती झाली असे मी सांगत नाही. मुकादम तोच राहिला आणि कोयतेही तेच राहिले. पण त्या तळावर पोरांच्या वहीत आपल्या गाडीची खेप आणि काट्यावरचे वजन रोज लिहिले जाऊ लागले, आणि हंगामाच्या शेवटी हिशेबाला बसताना मुकादमाच्या डायरीसमोर दुसरी एक वही आली. वाटाघाटीला बसण्यापूर्वी माणसापाशी स्वतःचा आकडा असला म्हणजे त्याचा आवाज बदलतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

बायकांच्या साक्षरतेच्या वर्गात आम्हाला ओवीने फार साथ दिली, आणि त्याची रीत सांगण्यासारखी आहे. प्रौढांच्या पुस्तकातला पहिला धडा बहुधा 'कमल घर बघ' छापाचा असतो. चार लेकरांच्या आईला कमळ बघण्यात काय गोडी? आम्ही पुस्तक बाजूला ठेवले. एका बाईने तिच्या आईची, जात्यावरची एक ओवी म्हणायची. शिकवणाऱ्याने ती फळ्यावर तशीच्या तशी लिहायची. मग बाईने शब्दावर बोट ठेवत ती पुन्हा म्हणायची. पुढचा शब्द कोणता हे तिला पाठ आहे. डोळ्यांना फक्त इतकेच काम, की पाठ असलेला आवाज आणि फळ्यावरची आकृती यांची गाठ घालायची. तिसऱ्या दिवशी ओवीतले शब्द सुटे करून उलटसुलट लिहिले तरी ओळखू येतात. ओवी दोन-तीन ओळींची असते, तिला लय असते, आणि तिच्यात भाऊ, सासर, वाट, पाऊस असे नेहमीचेच शब्द फिरून फिरून येतात. वाचायला शिकणाऱ्याला याहून सोयीचा पाठ पंडितांनी बसून लिहिला तरी साधणार नाही.

यात एक पथ्य मात्र आहे. बाई 'व्हतं' म्हणाली तर फळ्यावर 'व्हतं'च लिहायचे. आमच्याकडे एक उत्साही तरुण शिक्षक 'होते' लिहू लागले. बाईच्या तोंडी एक आणि फळ्यावर दुसरे. तिला वाटले, आपलेच चुकले. ती ओव्या म्हणायचीच बंद झाली. प्रमाण भाषा शिकवू नये असे मी म्हणत नाही. अर्ज लिहायला ती लागते. पण ती दुसऱ्या महिन्यात शिकवावी. पहिल्या दिवशी माणसाला हे कळले पाहिजे की आपण बोलतो ते लिहिता येते.

ओव्या म्हणजे केवळ माहेरची आठवण, असा एक गोड समज साने गुरुजींपासूनच्या संग्रहांवर पोसला गेला आहे. हा दोष गुरुजींचा नाही. वाचकांनी त्यातले सोयीचे तेवढे घेतले. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी १९८० नंतरच्या काळात खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत सासुरवासाबरोबर मोलमजुरी आहे, नवऱ्याचा मार आहे, आणि बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या तर कितीतरी आहेत. म्हणजे जाते फिरत होते तोवर बायका नवीन रचतच होत्या. पिठाची गिरणी आली, जाते गेले, आणि त्याबरोबर पहाटेची ती जागा गेली. जाते परत आणा असे कोणी म्हणू नये. ज्यांनी दळले आहे त्या तसे कधी म्हणणार नाहीत. ती जागा दुसरीकडे कुठे देता येईल, एवढाच विचार आहे. साक्षरतेचा वर्ग ही एक जागा झाली.

शाळेतल्या इतिहासासाठी पोवाडा कसा घ्यावा, याबद्दल थोडे सांगतो. मुंबईचे एक म्युनिसिपल कमिशनर होते, ॲक्वर्थ नावाचे. वडाळ्याच्या कुष्ठरुग्णालयाला त्यांचे नाव आहे. त्यांनी शाळिग्रामांच्या जोडीने जुने पोवाडे जमवून १८९१ साली छापले. (कमिशनर पोवाडे गोळा करत होते असे दिवस या शहराने पाहिले आहेत, हे आमच्या म्युनिसिपल कामगार बांधवांना खरे वाटणार नाही.) त्यांतला अज्ञानदासाचा अफझलखानाच्या वधाचा पोवाडा मुलांनी म्हणावा, पण म्हणून झाल्यावर मुलांना विचारावे, हे शाहिराला कोणी सांगितले? बिदागी कोणी दिली? शत्रूची फौज त्याने मोजली होती काय? पाठ्यपुस्तकातल्या तीन ओळींशी हे जुळते काय? पोवाडा म्हणजे कोणाच्या तरी बाजूने दिलेली साक्ष, हे दहा वर्षांच्या मुलालाही कळते, कारण भांडणात दोन्ही बाजू वेगळे सांगतात हे त्याने गल्लीत पाहिलेले असते. वारली चित्रांचेही तसेच. लग्नाच्या वेळी घरच्या भिंतीवर सवाशिणींनी काढायचा तो चौक. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे तो जगभर गेला. शाळेत मात्र मुले त्रिकोणी माणसांची नक्षी भेटकार्डावर उतरवतात. त्या चित्रात शेत कोणते, देव कोणता, तारपा का मधोमध, हे विचारायला त्या गावचा माणूस वर्गात आणला, तर भूगोलाचे चार तास त्यातून निघतील.

परंपरेत घाणही आहे, ती लपवू नये. गवळणीतला बाईचा पाणउतारा, म्हणींतला जातीचा उद्धार, सापाच्या मंत्राची गाणी यांना मी संस्कृती म्हणून डोक्यावर घेणार नाही. बाईच्या तोंडची ओवीसुद्धा कधी बाईलाच दोष देते. असे काही वर्गात आले तर शिक्षकाने ते खोडू नये आणि मिरवूही नये; सोंगाड्याप्रमाणे बावळट तोंड करून 'हे असे का बरे?' एवढे विचारावे आणि गप्प बसावे. आमच्या वर्गात एका म्हणीवरून दोन रात्री वाद झाला होता, आणि तो वाद मी दिलेल्या कोणत्याही व्याख्यानाहून उपयोगी पडला.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, आणि संघटनेचा माणूस असल्यामुळे तो मला टाळता येत नाही. लोककलेवर परिसंवाद होतात, पुस्तके निघतात, शिक्षकांची शिबिरे होतात. या सगळ्यात ज्याची कला त्याला मिळते काय? शाल, नारळ आणि आयोजकांबरोबर एक फोटो. वासुदेवाला शाळेत बोलवायचे तर त्याची सकाळची फेरी बुडते. पिंगुळीच्या चित्रकथ्याला पोथी घेऊन यायचे तर एसटीचे भाडे लागते. शिक्षकाला तासाचा पगार आहे. त्याच वर्गात, त्याच तासाला शिकवणाऱ्या गोंधळ्याला नारळ का? तो तिथे मास्तर म्हणून आला आहे, तेव्हा मास्तराचा दर त्याला मिळाला पाहिजे, आणि तो आधी ठरला पाहिजे, निघताना पाकिटात घालून नव्हे.

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे जत्रेचे पंच तिथे येतात, फड पाहतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन जातात. त्या गर्दीत एखाद्या शाळेचे मुख्याध्यापक मी अजून पाहिलेले नाहीत. त्यांनी जावे. मोठ्या फडाची सुपारी शाळेला झेपणार नाही, आणि तिची गरजही नाही. एक सोंगाड्या आणि एक ढोलकीवाला, जत्रांचा हंगाम उतरल्यावर मिळणाऱ्या दोन दिवसांसाठी, ठरवून यावे. पहिल्या दिवशी त्या सोंगाड्याला काही करायला सांगू नये. त्याला मागच्या बाकावर बसवावे, गणिताचा तास ऐकू द्यावा, आणि कुठे त्याला समजले नाही ते त्याने दुसऱ्या दिवशी मुलांसमोर उभे राहून विचारावे.